लोटनने बटण दाबलं होतं

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका डाळ मिलच्या पाठीमागे पन्नालालजींचं वर्कशॉप होतं. वर पत्रा, आत लांबच लांब टेबलं, आणि शेवटच्या टेबलाशी, खिडकीजवळ, यशोदा भंगाळे बसायची. मूळची सावद्याची, पण वाढली भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. वडील तोताराम भंगाळे शेडमध्ये फिटर. घरी आले की शेजाऱ्यांचे रेडिओ उघडून बसायचे आणि पोरीला स्क्रू मोजायला द्यायचे. तिथूनच तिला उघडून बघायची खोड लागली. पुढे तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. वर्गात चाळीस मुलगे आणि दोन मुली. दुसरीचं मधेच लग्न झालं, यशोदा शेवटपर्यंत टिकली.

पंच्याऐंशी साली ती पन्नालालजींकडे लागली. त्यांचा बाप जोधपूरकडून येऊन इथे विजेच्या मोटारींचे स्टार्टर विकायचा. मुलाने स्वतःची पॅनलं बनवायला घेतली, पण त्यांना रिले आणि टायमर यापलीकडचं काही येत नव्हतं. मायक्रोकंट्रोलर नावाची चिप आली आहे आणि एकटी दहा रिलेंचं काम करते, हे त्यांना यशोदाने सांगितलं. एका झेरॉक्स पुस्तकावरून ती स्वतःच शिकली. वर्कशॉपमध्ये तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. प्रोग्राम म्हणजे एक लांब रजिस्टर आणि पेन्सिल. एकेका सूचनेचा आकडा तक्त्यात शोधायचा, रजिस्टरमध्ये लिहायचा, मग तो आकड्यांचा भारा एका किटच्या कीपॅडवर टाइप करून ईप्रॉम चिपमध्ये भरायचा. चुकलं की ती चिप काढून निळ्या दिव्याखाली अर्धा तास ठेवायची, पुसली गेली की पुन्हा सुरुवात. पन्नालालजी म्हणायचे, “आमची यशोदाबाई आकड्यांतच बोलते.”

अठ्ठ्याऐंशीत तिने कापसाच्या प्रेसचं बोर्ड केलं. जिनिंगमध्ये सरकी निघाली की रुई एका खोल पेटीत पडते. वरून एक दट्ट्या ठोके मारून ती खाली बसवतो. बावीस ठोके झाले की मोठा हायड्रॉलिक दाब येतो आणि गाठ तयार होते. ठोके मोजणं, दाब सोडणं, लाल बटण दाबलं की सगळं जागच्या जागी थांबवणं, एवढं काम त्या बोर्डाचं. पहिलं बोर्ड धुळ्याला बसलं. मग चोपडा, शिरपूर, अमळनेर करत अकरा ठिकाणी बसली. यशोदाचं नाव जिनिंगवाल्यांत ‘प्रेसवाल्या म्याडम’ असं पडलं. तिला ते आवडायचंही.

एकोणनव्वदच्या डिसेंबरात धुळ्याहून फोन आला. प्रेसमध्ये माणसाचा हात गेला होता.

यशोदा पहिल्या बसने धुळ्याला गेली. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या तशाच उभ्या, बैल सोडलेले, माणसं गप्प. प्रेसच्या पेटीत रुई होती आणि तिच्यावर काळपट पडलेला डाग. जीवराम नावाचा मजूर होता, दाराशी अडकलेला रुईचा गोळा मोकळा करायला त्याने हात आत घातला होता. उजव्या हाताची चार बोटं गेली. पॅनलवर उभा होता त्याचाच साडू, लोटन. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, घरं एका भिंतीची. दोघं बरोबरच कामाला लागलेले.

लोटन पॅनलशेजारी उकिडवा बसला होता. मॅनेजर त्याच्यावर ओरडत होता, “बटण न दाबता त्याला आत हात घाल म्हणालास?”

“मी बटन दाबं व्हतं,” लोटन म्हणाला. यशोदाला बघून तो उठला. “ताई, मी दाबं. दाबं नि ते खाले उनं.”

“असं कसं होईल लोटनभाऊ?” ती म्हणाली. “दाबल्यावर थांबतं ते. खाली कसं येईल?”

“माले काय ठाऊक. दाबं नि उनं.”

यशोदाने पेटी रिकामी करून घेतली, प्रेस चालू केली आणि स्वतःच्या हाताने लाल बटण दाबायला सुरुवात केली. दोनशे वेळा दाबलं. ठोका वर असताना, खाली असताना, मधे असताना. दोनशेही वेळा मशीन थांबलं. मॅनेजर शेजारी उभा राहून मोजत होता. दोनशे झाल्यावर त्याने लोटनकडे नुसतं बघितलं.

संध्याकाळी तिने तिथेच अहवाल लिहिला. ‘बोर्ड तपासले. निर्दोष आढळले.’ इथे थांबली असती तरी चाललं असतं. पण मॅनेजरने विचारलं, “मग झालं काय ते लिहा ना म्याडम, कामगार खात्याला द्यायचंय.” तेव्हा तिने आणखी एक ओळ लिहिली. ‘अपघातसमयी थांबण्याचे बटण दाबले गेले नव्हते.’ खाली सही केली.

लोटनला दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. जीवराम दवाखान्यातून घरी आला तेव्हा लोटन त्याला भेटायला गेला आणि जीवरामने दार लावून घेतलं. नंतर जीवरामच बायकापोरं घेऊन कापडण्याला आपल्या गावी निघून गेला. हे यशोदाला पुढे कधीतरी उडत उडत कळलं. वाईट वाटलं, आणि मग नवीन काम आलं.

चार वर्षं गेली.

त्र्याण्णवच्या दिवाळीत पन्नालालजींनी पुण्याहून एक वापरलेला पीसी आणला. आता प्रोग्राम त्यावर लिहायचा, आकडे तो स्वतःच काढणार. त्याच्यासोबत एका फ्लॉपीवर डिबगर होता. यशोदाने त्याचं माहितीपत्रक दोनदा वाचलं आणि तिला राहवेना. बोर्ड केबलने कॉम्प्युटरला जोडायचं, प्रोग्राम बोर्डावरच चालवायचा, हवा तिथे थांबवायचा आणि आत काय चाललंय ते पडद्यावर बघायचं. आणि बघायचं तेही आकड्यांत नव्हे. तुम्ही दिलेल्या नावांत. कप्पा नंबर अमुकमधे सात, असं नाही, तर ‘ठोके: सात.’ आठ वर्षं आकडे पाठ करून डोकं शिणलेल्या बाईला हे काय वाटलं असेल ते सांगायला नको.

पण ते जमवता जमवता तीन दिवस गेले. ईप्रॉमच्या जागी पुसता-लिहिता येणारी रॅम चिप बसवण्यासाठी बोर्डाला तारा मारल्या. केबल जोडली तर पडद्यावर नुसता कचरा उमटायला लागला. वेग जुळत नव्हता, म्हणून बोर्डाचा वेग ठरवणारा क्रिस्टल बदलला. मग बोर्ड बोलायला लागलं, पण नावं काही येईनात. प्रोग्रामबरोबर नावांची जी यादी तयार व्हायची ती डिबगरला वाचता येत नव्हती, रकान्यांची मांडणी वेगळी. यशोदाने बेसिक भाषेत वीस-पंचवीस ओळींचा एक प्रोग्राम लिहून त्या यादीची मांडणी बदलून घेतली.

हे सगळं तपासायला एक खात्रीचा प्रोग्राम हवा होता. चुकीचा प्रोग्राम घेतला तर दोष यंत्रणेत की प्रोग्राममध्ये हे कळणार नाही. तिने प्रेसचा घेतला. तो तिला तोंडपाठ होता, अकरा ठिकाणी वर्षानुवर्षं चालत होता. जुनं रजिस्टर काढून तिने तो कॉम्प्युटरवर उतरवला आणि आकड्यांच्या जागी नावं घातली. अक्षरं इंग्रजी, पण शब्द आपलेच. ‘ठोके’. ‘थांब’. ‘दाब’. ‘लालबटण’.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास पडद्यावर नावं आली. यशोदा इतक्या जोरात “आलं!” म्हणाली की सोल्डरिंगच्या टेबलावरच्या बायका उठून बघायला आल्या. तिने त्यांना गंमत दाखवली. टेबलावर एक काळं बटण जोडलेलं होतं, एकदा दाबलं की बोर्डाला एक ठोका मिळाल्यासारखं वाटे. ती दाबत गेली आणि पडद्यावर ‘ठोके’च्या पुढे एक, दोन, तीन असं वाढत गेलं. सातवर ती थांबली.

“आता लाल,” ती म्हणाली. डिबगरला तिने सांगून ठेवलं होतं, की लाल बटणाची नोंद झाली की लगेच प्रोग्राम गोठव. तिने लाल बटण दाबलं. प्रोग्राम गोठला. ‘थांब’च्या पुढे शून्याचा एक झाला. बरोबर.

आणि त्याच्या वरच्या ओळीत ‘ठोके’च्या पुढे सातचे एकशे पस्तीस झाले.

बायका आपापल्या कामाला गेल्या. यशोदा बघत राहिली. ठोक्याच्या बटणाला कुणी हात लावला नव्हता. केबल सैल असेल म्हणून तिने ती काढून घालून बघितली. पुन्हा सात ठोके, पुन्हा लाल. एकशे पस्तीस. मग तिला वाटलं, आपण नावांची यादी बदलणारा जो प्रोग्राम लिहिला त्यातच घोळ आहे, नाव एका कप्प्याचं आणि आकडा दुसऱ्याचा दाखवतोय. तिने यादी छापून घेतली आणि पट्टी ठेवून एकेक ओळ तपासली. यादीत काही चूक नव्हती. तीन ठोक्यांवर दाबून बघितलं. एकशे एकतीस. म्हणजे दर वेळी बरोबर एकशे अठ्ठावीस वाढत होते.

तिने जुनं रजिस्टर ओढलं. कंट्रोलरच्या पोटात आकडे ठेवायला कप्पे असतात. त्यातल्या काही कप्प्यांचे आठ-आठ बारीक खण करून एकेका खणात नुसतं हो किंवा नाही ठेवता येतं. कप्प्यांना नंबर असतात, खणांना निराळे नंबर असतात. रजिस्टरच्या डाव्या पानावर तिच्या अक्षरात कप्प्यांची यादी होती. ‘ठोके – कप्पा २०.’ उजव्या पानावर खणांची. ‘थांब – खण ०७.’ विसाचा आणि साताचा काय संबंध? दोन पानं, दोन आकडे. पण खण नंबर सात हा वीस नंबरच्या कप्प्याचाच शेवटचा खण असतो. त्यात ‘हो’ पडलं की अख्ख्या कप्प्याच्या किमतीत एकशे अठ्ठावीस वाढतात. पुस्तकात हे लिहिलेलं होतं. तिला हे माहीत होतं. त्या दिवशी पान उलटताना लक्षात आलं नव्हतं, एवढंच.

तिचा हात काळ्या बटणाकडे गेला. प्रोग्राम गोठलेला होता, ठोके एकशे पस्तीस, थांब एक. याच क्षणी, बोर्डाने ‘थांब’कडे बघायच्या आत, दट्ट्याचा पुढचा ठोका आला तर? प्रत्यक्षात हा वेळ डोळ्याची पापणी लवण्याहूनही कमी. तिने काळं बटण दाबलं आणि प्रोग्राम एकेक पाऊल पुढे ढकलला. ठोके एकशे छत्तीस. बावीस किंवा जास्त झाले का? झाले. मग ठोके पुन्हा शून्य कर. कप्पा शून्य झाला आणि त्यातला ‘थांब’ही पुसला गेला. पुढचं पाऊल. पडद्यावरची उजळ पट्टी एका नावावर जाऊन थांबली.

‘दाब’.

मोठा दाब खाली सोडायची जागा. थांबायचं बटण दाबलं, आणि ते दाबलं म्हणूनच प्रेस खाली आली. आकड्यांमध्ये हे तिने हजार वेळा वाचलं असेल. नाव समोर आल्यावर एका क्षणात दिसलं. दाबं नि ते खाले उनं. माणूस बरोब्बर तेच सांगत होता, एक अक्षर इकडचं तिकडे न करता, आणि तिने त्याला म्हटलं होतं, असं कसं होईल.

ती उठली तेव्हा खुर्ची मागे पडली. पन्नालालजी केबिनमधून बाहेर आले. “काय झालं? शॉक लागला का?”

“शेठजी, इकडे या.”

तिने त्यांना दाखवलं. एकदा, मग त्यांनी म्हटलं म्हणून पुन्हा. पन्नालालजींना प्रोग्राम कळत नव्हता, पण नावं वाचता येत होती. दुसऱ्या वेळी ‘दाब’ उजळलं तेव्हा त्यांनी टेबलाचा काठ धरला.

“मी त्याला बघायला गेलो होतो दवाखान्यात,” ते म्हणाले. “जीवरामला. मी त्याला म्हटलं, तुझ्या साडूने दगा दिला तुला.” मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं. “बाकीच्या दहा?”

“चालू आहेत. सीझन आहे.”

पन्नालालजी फोनकडे धावले. वरच्या आवाजात बोलताना त्यांना कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्या वर्कशॉपने ऐकलं. “प्रेस बंद करा. आत्ता. मेन स्विच पाडा. लाल बटणावर विश्वास ठेवू नका, लाल बटणाला हातच लावू नका!” अमळनेरचा मुनीम म्हणाला, पन्नास गाड्या दारात उभ्या आहेत. “उभ्या राहू देत!” शिरपूरचा फोन लागेना, तर त्यांनी भाच्याला जीप देऊन पाठवलं. चार वाजेपर्यंत अकराच्या अकरा प्रेस बंद झाल्या.

मग ते यशोदाजवळ येऊन बसले. आवाज खाली आला होता. “चिपा बदलून टाक. सांगू, नवीन मॉडेल आहे. झालं.”

“चिपा बदलतेच. आणि लाल बटणाची तार आता बोर्डात जाणार नाही, सरळ पंपाची वीज तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरला जाईल. ती पहिल्यापासून तशीच हवी होती. पण शेठजी, अहवाल?”

“चार वर्षं झाली त्याला.”

“त्यावर माझी सही आहे.”

पन्नालालजींनी खिडकीबाहेर डाळीच्या पोत्यांकडे पाहिलं. “तू लिही,” ते म्हणाले. “मी तुला नाही म्हणणार नाही. फक्त माझ्या लेटरहेडवर नको.”

संध्याकाळच्या गाडीने ती भुसावळला घरी आली. जेवण तिला गेलं नाही. तोताराम रिटायर झाले होते, बाजेवर बसून तिच्याकडे बघत होते. “काय झालं व? पान का तसंच?”

तिने सगळं सांगितलं. तोतारामांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. तीस वर्षं इंजिनांखाली घालवलेला माणूस, ब्रेक निकामी होणं म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “लिहिलं का?”

“नाही अजून.”

“आधी लिही. मग जेव. उद्या सकाळी तुलाच वाटेल, एवढं काय त्यात.”

तिने साध्या कागदावर लिहिलं. काय बिघाड होता, कशामुळे होता, कुणी केला. ‘ऑपरेटर लोटन यांनी बटण दाबले होते. त्यांचे म्हणणे पहिल्यापासून खरे होते. माझ्या अहवालातील शेवटचे वाक्य मी कोणताही पुरावा नसताना लिहिले.’ तीन प्रती केल्या. एक जिनिंगला, एक कामगार खात्याला पोस्टाने. तिसरी तिने पर्समध्ये ठेवली.

बुधवार ते शनिवार ती फिरत होती. चोपडा, धरणगाव, अमळनेर, शिरपूर. प्रत्येक ठिकाणी चिप बदलली, तार बदलली आणि ऑपरेटरला विचारलं, कधी बटण दाबल्यावर काही वेडंवाकडं झालं का? चोपड्याच्या ऑपरेटरने डोकं खाजवलं. “दोनदा झालं म्याडम. पेटीत कोणी नव्हतं म्हणून बोललो नाही. मला वाटलं, माझंच बोट चुकलं.”

रविवारी ती धुळ्याला गेली. लोटन देवपुरात एका पिठाच्या गिरणीवर होता. पट्ट्याच्या आवाजात, पांढऱ्या भुवयांनी, चाळण हलवत. तिला बघून त्याने गिरणी बंद केली. पट्टा पूर्ण थांबेपर्यंत कुणाला पुढे येऊ दिलं नाही. मग फळी पुसून म्हणाला, “बठा ताई.”

ती बसली नाही. वाटेत तिने वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी गेली. “लोटनभाऊ, तुम्ही बटण दाबलं होतं.”

“हां,” तो म्हणाला. जणू तिने बाहेर ऊन आहे असं काही सांगितलं.

“माझ्या बोर्डात चूक होती. मला मंगळवारी कळलं. बटण दाबलं, आणि त्याच क्षणी ठोका आला, तर बोर्ड उलटं वागायचं. थांबण्याऐवजी दाब सोडायचं. तुम्ही म्हणाला होता तसंच.”

लोटन ऐकत होता. चेहऱ्यावरच्या पिठामुळे काही कळत नव्हतं. यशोदाला वाटलं होतं तो रडेल, नाहीतर शिव्या देईल. त्यासाठी ती तयार होती. तो हळूच खाली बसला, चार वर्षांपूर्वी बसला होता तसाच उकिडवा.

“म्हंजे मी दाबं म्हनीसन ते उनं?”

“हो.”

“मी दाबंच नसतं तर?”

गेले पाच दिवस तिने या गोष्टीचा एकेक धागा उसवला होता आणि हे तिच्या मनात आलं नव्हतं. बटण दाबलं नसतं तर दट्ट्या उरलेले ठोके मारत राहिला असता. दट्ट्या वर जाता-येता हात काढता आला असता. ती त्याला निर्दोष ठरवायला आली होती, आणि त्याच्या हाती हे देऊन बसली होती. तो ज्या बोटाची चार वर्षं शपथ घेत होता, त्याच बोटाने साडूचा हात गेला होता.

“लोटनभाऊ, ऐका,” ती त्याच्यासमोर जमिनीवरच बसली. “माणूस आत हात घालतोय म्हटल्यावर बटण दाबायलाच हवं. तुम्ही जे करायला पाहिजे होतं ते केलं. बटणाच्या मागे काय होतं ते मी केलं. ते माझं आहे. तुमचं नाही.”

एक बाई बाजरीचा डबा घेऊन आली, दोघांना असं बसलेलं बघून परत गेली. मग लोटन म्हणाला, “त्याले सांगं?”

“अजून नाही. आधी तुमच्याकडे आले.”

“चाल मग.”

जीवराम कापडण्याला बांधावर शेळ्या चारत होता. उजवा हात सदऱ्याच्या खिशात. लोटनला येताना बघून तो वळला आणि चालायला लागला. यशोदाने हाक मारली, तेव्हा थांबला. तिने उभ्या उभ्या सांगितलं, मग पर्समधला कागद काढून दिला. त्याने तो डाव्या हातात धरला, वाचता येत होतं तेवढं वाचलं. ‘लोटन यांनी बटण दाबले होते’ इथपर्यंत आला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला.

“कधी कळलं तुम्हाला?” त्याने मान वर न करता विचारलं.

“मंगळवारी.”

“आज रविवार. दुसऱ्या मशिनी?”

“मंगळवारीच बंद केल्या. मग बदलल्या. कुणाला काही झालं नाही.”

त्याने मान हलवली. मग तिच्याकडे पाहिलं. “बोटं गेली ते एक,” तो म्हणाला. “मशीन आहे, जातात. पन चार वरीस मी यानं तोंड देखं नही. बायकोले, पुष्पाले, तिनी बहिनकडे जाऊ दिधं नही. तिनी माय मरनी, तठे बी दोन्ही बहिनी दोन कोपरास्मा बठन्यात. ते तुम्ही कसं बदलतस?”

यशोदाने मागे वळून लोटनकडे पाहिलं.

लोटन दहा पावलांवर उभा होता. म्हणाला, “जिवा, बटन मीच दाबं. दाबं म्हनीसन उनं.”

“वाचं मी,” जीवराम म्हणाला. शेळ्या पुढे गेल्या होत्या. तो त्यांच्या मागे निघाला आणि थोडं पुढे गेल्यावर थांबून राहिला, पाठ करून. लोटनला ते कळलं असावं. तो त्याच्याकडे गेला. दोघं बांधाने चालत गेले, बोलत होते की नाही ते यशोदाला एवढ्या लांबून ऐकू आलं नाही. ती सडकेवर येऊन बसची वाट बघत उभी राहिली.

त्याच संध्याकाळी पुष्पाबाई धुळ्याला बहिणीकडे गेली, हे तिला नंतर लोटनने सांगितलं. जिनिंगच्या मॅनेजरने लोटनला पत्र पाठवून परत बोलावलं. तो गेला नाही, गिरणीवरच राहिला. कामगार खात्याकडून एक माणूस वर्कशॉपला येऊन कागदपत्रं घेऊन गेला, पन्नालालजींनी त्याला जे होतं ते सगळं काढून दिलं, जुनं रजिस्टरसुद्धा. यशोदाने नोकरी सोडायचं बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “मग तुझी बोर्डं तपासणार कोण?” ती राहिली. त्यानंतर कुठल्याही अपघाताच्या अहवालात तिने माणसाबद्दल एक शब्द लिहिला नाही. बोर्डाबद्दल लिहायची, तेही किती वेळा तपासलं आणि काय तपासता आलं नाही, दोन्ही.

पुढच्या फेब्रुवारीत जीवराम वर्कशॉपला आला. न कळवता, एकटाच. दारात चपला काढून उभा राहिला. “ते कसं होतं, माले दखाडा,” म्हणाला.

यशोदाने जुनं बोर्ड कपाटातून काढून जोडलं. जुना प्रोग्राम तिने पुसला नव्हता. जीवराम खुर्चीत बसला, तिने एकेक नाव बोट ठेवून वाचून दाखवलं. काळं बटण त्याला सात वेळा दाबायला लावलं. मग लाल बटण त्याच्यापुढे सरकवलं. त्याने उजवा हात खिशातून काढला, उरलेल्या अंगठ्याने बटण दाबलं आणि पडद्याकडे पाहिलं. सातचे एकशे पस्तीस. यशोदाने काळं बटण एकदा दाबलं आणि प्रोग्राम पावलापावलाने पुढे नेला. पट्टी ‘दाब’वर जाऊन थांबली.

जीवरामचा हात टेबलावरून झटकन मागे आला. तो त्याने छातीशी धरला.

“पाणी देऊ?” यशोदाने विचारलं.

त्याने मानेनेच नको म्हटलं. “परत एकदा,” तो म्हणाला. तिने प्रोग्राम पहिल्यापासून सुरू केला.